अधिक-उणे

रात्री सव्वाअकराला खळदकर साहेबांचा फोन:
"एकच आकडा सांगा. मला वर कळवायचाय."

सिंचन भवनात, माझ्यासमोर पडद्यावर
खडकवासल्याखालच्या मुठेचा एक पंखा उघडलेला.
पहाटे चारला पंचवीस हजार क्युसेक, किंवा चाळीस.
मधली रेघ ठसठशीत, कडा पुसट.
नदी कुठल्या काडीवरून चालणार
ते घाटातल्या ढगांचंही अजून ठरलेलं नव्हतं.

"पंचवीस ते चाळीस," मी म्हणाले.
"अहो मॅडम, हे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे झालं."

वडील भोसरीत टूलरूमला होते.
जेवताना वरणाच्या वाटीशेजारी मायक्रोमीटर.
म्हणायचे, ड्रॉइंगवर नुसता बारा दिसला
तर समजायचं, लिहिणाऱ्यानं जन्मात काही मोजलेलं नाही.
बारा, अधिक-उणे दोन शतांश,
तेव्हा कुठे आकड्याला अक्कल येते.
आई चिडली की म्हणायची,
मला काही अधिक-उणं बोलू नका.

साहेबांनी शेवटी बत्तीस घेतला.
दिसायला बरा होता.

भोंग्यावर काय सांगायचं ते मात्र माझ्याकडे होतं.
इक्बाल रिक्षा चालू ठेवून कागदासाठी थांबलेला.
साठ टक्के लिहिलं, खोडलं.
साठ टक्के भिजलेलं घर कुणी पाहिलंय?
'शक्यता आहे' लिहिलं, खोडलं.
शक्यतेपायी कुणी अंथरूण गुंडाळत नाही.
'बहुधा' लिहिलं.
इक्बाल म्हणाला, ताई,
माझ्या भोंग्यातून 'बहुधा'चा 'बुधवार' ऐकू येतो.

मग लिहिलं:
पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत येणारच.
अशा दहा रात्रींतल्या तीन रात्री
ते गिरणीच्या मीटरपर्यंत चढतं.
आजची रात्र त्या तिनांतली आहे का,
आम्हाला माहीत नाही.
मीटर धरून सामान उचला.

"माहीत नाही, हेपण वाचायचं?"
"हे दोनदा वाच."

पाणी पाचव्या पायरीवर थांबलं.

सकाळी पुलाच्या वाडीत गेले तर
माळ्यांवरून भांडी उतरत होती, शिव्यांसकट.
"झोपेचं खोबरं केलंत. चुकलाच ना अंदाज?"
चुकला नाही, म्हणणार होते,
पाचवी पायरी पंख्याच्या आतच आहे,
पण चिखलात उभं राहून पंखा उघडता येईना.

रुक्साना तांबोळी शिलाई मशीन पुसत होती.
रात्रीच तिनं ते पोटमाळ्यावर चढवलेलं,
दिरानं नाकं मुरडली तरी.
"मापाच्या ब्लाउजलाही इंचभर माया सोडावी लागते," ती म्हणाली.
"बाई भरते, बाई वाळते, कापडाला काय ठाऊक?
पण माया आतल्या अंगाला असते, ताई.
तुम्ही ती भोंग्यावर सांगितलीत.
लोकांना वाटलं, तुम्हाला मापच घेता येत नाही."

"मग आत ठेवायची होती?"

त्यावर ती काही बोलली नाही.
शिलाईच्या खडूनं भिंतीवर रेघ मारली, ओल संपली तिथे.
दुसरी मारली मीटरच्या उंचीला.
मधल्या कोरड्या भिंतीवर पंजा टेकवून विचारलं,
"ह्याला काय म्हणता तुमच्या हापिसात?"

फोन वाजत होता.
साहेबांना आज रात्रीचा आकडा हवा होता.