गुरुवारी लाइट नसते

गुरुवारी लाइट नसते, म्हणून बुधवारी रात्रीच उरकायचं होतं.
नाना पेठेत, क्लचप्लेटांच्या दुकानावर माझा स्टुडिओ:
दोन खोल्या, भिंतींना जुन्या गाद्या,
आणि टेक चालू असताना बंद ठेवावा लागणारा एसी.

सलोमी ओहोळ घोरपडीहून आली,
फाटक लागलं म्हणून पाऊण तास उशिरा.
हातात हेल्मेट, गालात ज्येष्ठमध.
बँड नव्हता. बँड केव्हाच मोडला होता:
ड्रमर हिंजवडीला, गिटार कॅनडात,
बासवाला बोहल्यावर चढला तो अजून उतरलेला नाही.
उरला होता फक्त हा आवाज,
पत्र्यावरून खिळा ओढावा तसा,
पण सुरात.

निर्माते थिटे, धंदा टाइल्सचा,
सोफ्यावर मांडी घालून म्हणाले,
ताई, हिरोइन घर सोडतेय या गाण्यावर,
जरा गोडात घ्या.
ती म्हणाली, गोडात कोण घर सोडतं?

अकराव्या टेकला
दुसरं कडवं संपतं तिथे, जिथे कागदावर काहीच नव्हतं,
चार मात्रा रिकाम्या,
तिथे ती ओरडली.
शब्द नाही. आलाप तर नाहीच.
सुई लालमध्ये जाऊन तिथेच थांबली,
खालचं शटर थरथरलं,
थिट्यांचा चहा बशीत.
माझं बोट बटणावर होतं.
मी दाबलं नाही.
पंचवीस वर्षांत एवढंच एक धाडस केलंय मी,
तेही काही न करण्याचं.

पिक्चरमध्ये गाणं उरलं एक मिनिट दहा सेकंद.
ओरडणं कापून तिथे दार आपटल्याचा आवाज टाकला,
आणि दारही आमच्याच स्टुडिओचं, संडासाचं.
नऊ दिवस चालला. चेक वटला, हे विशेष.
पूर्ण गाणं वेगळं काढलं त्यांनी, सिंगल म्हणून.
वर हिरोइनचा फोटो,
खाली बारीक टायपात सलोमी ‘ओव्हाळ’.
तिनं पाहिलं, म्हणाली,
असू दे, तीही आमच्यातलीच कुणीतरी असेल.

मग कितीतरी महिने काहीच नाही.
ती शाळेत संगीत शिकवायची, प्रार्थना आणि स्वागतगीतं.
मी जाहिराती करायचो, एक मसाल्याची, तीन क्लासेसच्या.

वैशाखात भवानी पेठेतून एक वरात चालली होती.
जनरेटरच्या हातगाडीमागे ब्रास बँड,
लाल कोट, एकाची पँट आखूड.
मी दुधाची पिशवी घेऊन बाजूला झालो
आणि चाल ओळखली.
क्लॅरिनेटवर म्हातारा, गालांत नुसते खळगे.
दुसरं कडवं संपलं. ताशा थांबला.
चार मात्रा.
त्यानं मान मागे टाकली
आणि पिक्चरमधून कापलेलं ते सगळं
भर रस्त्यात फुंकून काढलं.
घोडं बिचकलं. नवरदेवानं मुंडावळ्या सावरल्या.
करवल्यांतली एक, कोण कुणाची,
जागच्या जागी थांबली.

मी सलोमीला फोन लावला, हात उंच केला.
पलीकडे नेहमीसारखी गाडी चाललेली,
धडधड, धडधड, तिचा शब्द नाही.
गाडी गेल्यावर म्हणाली,
कोण आहे रे तो?
माहीत नाही, म्हटलं.
अर्धा सूर वर घेतलाय त्यानं, ती म्हणाली.
आणि बऱ्याच वेळानं,
बरोबर घेतलाय.