बारावी पुंगळी

केळीत रानडुकरं शिरली की
उखा तात्या दोन बार काढायचे.
मग माझं काम:
बॅटरी, ओली सरी, अनवाणी पाय
आणि कुठंतरी अजून कोमट पितळ.

"कितल्या शेतस?"
रिकाम्या-भरल्या मिळून बारा झाल्याशिवाय झोप नाही.
शिरपूरचा गफ्फार मिस्तरी त्याच पुन्हा भरायचा,
टोपी, दारू, नमद्याची चकती, छर्रे,
तोंडाला मेण.

एका रात्री अकराच.
तात्या बोलले नाहीत काही.
सकाळी पाहिलं तर
स्वतःच वाकून पाचोळा उलटत होते.

परवा बांधाचे दगड हलवताना सापडली,
हिरवी पडलेली.
बंदूक कधीचीच ठाण्यात जमा.

तोंड मात्र मातीनं नीट लिंपलेलं.
कुंभारीण माशीनं
भरून ठेवली होती.

होती तशी
परत फटीत सरकवली,
तोंड उन्हाकडे करून.