दीड आणि सव्वा

रुमालात गुंडाळून आणला त्यानं,
पोराचा पडलेला दात आणावा तसा,
मोडका स्टड.
मुंडकं शाबूत, अर्धा दांडा,
पुढे काळं, दाणेदार तोंड.

"एजे, याच्यासारखाच द्या."

बिश्केकच्या या कंटेनर-बाजारात
सकाळपासून हा चौथा, की पाचवा.
जानेवारीत स्टड मोडतात, जुलैत रेडिएटर फुटतात,
आमचं पंचांग एवढंच.
मी हातमोजा काढला,
अंगठ्याचं नख आट्यांवरून ओढलं.
गाडी?
निस्सान. उजव्या बाजूला स्टिअरिंग.
तोयामाहून बोटीनं, व्लादिवोस्तोकहून ट्रेलरवर,
मेव्हण्याकडून माझ्याकडे.
नाव सुयुनबेक. गाव नारीन.

मग खिशातून आणखी तीन काढले, नवेकोरे,
तिन्ही बाराचे, तिन्ही चुकीचे.
बारा म्हणजे बारा, म्हणाले म्हणे पलीकडच्या गल्लीतले.
आहेतच दीडशहाणे,
येईल त्याला दीडच देतात.

बाळा, बारा ही नुसती जाडी.
एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतची वाट निराळी.
टोयोटाची दीड, तुझी सव्वा.
फरक पाव मिलिमीटर,
पापणीचे दोन-तीन केस शेजारी ठेवले तर तेवढा.
दोन फेरे नट गोडीनं आत जातो,
तिसऱ्याला अडतो,
आणि तुझ्यासारखा तरणाताठा मग
बोल्ट शिकंजात धरून पान्याला नळी लावतो.

तो लाजला. लावली होती नळी.
तिघांतल्या एकावर नट तसाच बसलेला,
ना पुढे, ना मागे.

आणि हे बघ, मुंडक्याखालचे दाते.
हबमध्ये घट्ट रुतायला हवेत.
बारीक असले तर नटाबरोबर स्टडही गरगरेल,
जाड असले तर तू हातोडी घेशील, हब तडकेल,
आणि दोलोनच्या घाटात चाक
तुझ्या आधी खाली पोचेल.

हे मला कुणी शिकवलं नाही.
नवरा नोवोसिबिर्स्कला गेला तेव्हा
कुलपाची किल्ली दिली, उधारीची वही दिली.
मापं त्याच्या डोक्यात होती,
ती त्याच्याबरोबर गाडीत बसली.
पहिल्या हिवाळ्यात अकरा जण परत आले
माल तोंडावर फेकायला.
मग शेजाऱ्याचा व्हर्निअर मागून
एकेक डबा जमिनीवर ओतला.
मुलीची गणिताची जुनी वही, मागची कोरी पानं:
जाडी, वाट, दाते, लांबी.
बोटं बधिर व्हायची, पेन्सिल दातांत धरून चहा घ्यायचे.

वरच्या फळीवर, चहापत्तीच्या डब्यात निघाले.
दोनच.
त्याच्याच गाडीचा नट घेऊन नुसत्या बोटानं फिरवला:
सरसर, शेवटपर्यंत.
सूत जुळलं.

"एकच हवाय, एजे."
पाचांतला एक मोडला की शेजारचे दोघं
त्याचं ओझं ओढतात, मी म्हटलं.
वरून दिसत नाही. आतून चिरत जातात.
"पैसे एकाचेच आहेत."
सोम मोजले त्यानं, दोनदा.
टपावर वॉशिंग मशीन बांधलेलं,
बहिणीला जुळं झालंय.

दोन्ही असेच ने म्हणावं, इतकी मी उदार नाही.
दीडवाले दोन ठेवून घेतले बदल्यात,
टोयोटावाला कुणी येईलच.
तो अडकलेलाही ठेव, म्हटलं.
"तो कशाला?"
राहू दे.

संध्याकाळी डोंगराकडून वारा सुटतो,
उधारीची पानं फडफडतात, त्यांवर तो ठेवते.
चांगलं वजन आहे त्याला.

रात्री फोन येतो.
काय विकलंस?
दोन सव्वा.
आपल्याकडे सव्वा होते?
होते. चहाच्या डब्यात.
पलीकडे जरा वेळ नुसती खरखर.
मग म्हणतो, डबा मीच ठेवला होता तिथे.

असेल.
वर काही लिहिलं नव्हतंस.