मार्फत

या गावाचं नाव हल.
सत्तावीस वर्षं झाली, मी काही हलले नाही.
हलला तो ओजस,
मागच्या खोलीतला माझा भाडेकरू,
एक पाठपिशवी आणि एक लॅपटॉप घेऊन.
जाताना म्हणाला, मावशी,
तुमचा पत्ता वापरला तर चालेल का?
मी म्हटलं, वापर की. पत्ता काय झिजतो?

आता तो दा नांगला असतो.
नोकरी लीड्सच्या कंपनीची, पगार पौंडात,
जेवण तिथल्या पैशात.
सातव्या मजल्यावरून समुद्र दाखवतो मला.
कॉफी दाखवतो, पेल्याच्या तळाशी दाट दूध,
आणि किंमत सांगताना असा हसतो
की शेजारच्यांची चिंच पाडून आणलीय.
मी त्याला आमचं हंबरचं पाणी दाखवत नाही.
त्याला माहीत आहे,
दूध कमी पडलेल्या चहासारखं.

माझे संध्याकाळचे पाच
म्हणजे तिथली मध्यरात्र.
कंपनीच्या घड्याळानं तेव्हा त्याचा दिवस संपतो,
मग तो जेवतो.

पत्रं मात्र अजून इथेच राहतात.
दाराच्या फटीतून पायपुसण्यावर पडतात,
बँकेची, दातांच्या डॉक्टरची,
एका जिमचं, आम्हाला तुमची आठवण येते म्हणून.
मी फोटो काढून पाठवते.
नव्या कार्डाचा नंबर फोनवर वाचून दाखवला,
चार चार आकडे, पाढे म्हणावेत तसे.
आमच्या लहानपणी पाकिटावर लिहायचे, मार्फत,
आणि पुढे ज्याच्याकडे उतरलो त्याचं नाव.
हा उतरलेलाच नाही,
आणि मी त्याची मार्फत.

एकदा विचारलं, तिथे घर आहे का रे तुला?
म्हणाला, आहे ना, महिन्याचं.
नव्वद दिवस भरले की बसनं सीमा ओलांडायची,
पलीकडे भात खायचा,
शिक्का मारून परत.
ऐकून बरं वाटलं, थोडा रागही आला.
कशाचा, ते अजून सापडलेलं नाही.

गेल्या मंगळवारी कौन्सिलचं पत्र आलं.
हे माझ्या नावाचं.
एकट्या माणसाला करात चौथाई सूट असते,
हे गेल्यापासून ती मला मिळते.
आता त्यांना कागदांवर दिसतंय
की या घरात आणखी कुणी राहतं.
राहतं का? हो. नाही.
चौकटीत खूण करा, चौदा दिवसांत कळवा.

पेन घेऊन बसले, टोपण काढलं.

मिरजेच्या रेशनकार्डावर माझं नाव
मी इकडे आल्यावरही अकरा वर्षं होतं.
माझ्या वाटणीची साखर वहिनी आणायची
आणि रांगेत पुटपुटायची,
खायला नाही कुणी, नुसतं नाव बसलंय घरात.
नाव कमी करायला दादा दोनदा तहसीलला गेला,
दोनदा तसाच परत आला.
साहेब जेवायला गेलेत, म्हणाला.
दोन्ही वेळा.
दुसऱ्या वेळी सकाळचे साडेदहा झाले होते,
हे वहिनीनं मला खूप नंतर सांगितलं.

मी टोपण लावलं.
मागच्या खोलीत इस्त्रीचे कपडे पसरलेत, माझे.
खिडकीत त्याचा चार्जर, कुठल्या यंत्राचा कोण जाणे.
पत्राची घडी घालून घड्याळामागे ठेवली.
चौदातले पाच दिवस गेले.
चौथाई म्हणजे वर्षाला किती, ते मला तोंडपाठ आहे.

आज सकाळी दारात डनीस, टपालवाली,
हातात जाड पाकीट, पावसानं कोपरा ओला.
रेगे आहेत का घरात? सही लागेल.
मी जिन्याकडे पाहिलं.
आंघोळीला गेलाय, म्हटलं,
आणि सही केली.