खोली

आमच्या भाषेत खोली म्हणजे चार भिंती,
आणि विहिरीत दगड टाकून, कान देऊन जोखतात तीही खोलीच.
पाषाणला तिसऱ्या मजल्यावर मी दोन्ही मांडून बसले होते,
संस्थेच्या पैशानं, अकरा महिन्यांच्या करारावर.

पहिल्या खोलीत साधा सपाट पडदा.
दुसरीत त्रिमितीचा, काळा चष्मा घालून बघायचा.
तिसरीत काहीच नाही. एक खुर्ची, छतातून लोंबणारी वायर,
आणि वायरच्या टोकाला तो डोक्यावर चढवायचा डबा.

तिन्हीकडे काम एकच:
कारखान्याची खोटी शेड, खोटी क्रेन,
हुकाला लोखंडी ठोकळा, तो खालच्या पिवळ्या चौकोनात ठेवायचा.
किती सेकंद. किती मिलिमीटर चूक.
बाकी आयुष्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

सोळा जण झाले. बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं,
सपाट पडद्यावर ठोकळा अधांतरी सोडणारी,
चष्म्यात जरा बरी,
आणि डब्यात शिरली की थेट हात लांब करून
नसलेल्या लोखंडाला कवटाळायला जाणारी.
माझा आलेख शहाण्या मुलासारखा चढत होता.

सतरावे सोपान खळदकर.
भोसरीत सव्वीस वर्षं लेथवर,
निवृत्त झाले तरी खिशात सहा इंची स्टीलची पट्टी.
सपाट पडद्यावर त्यांनी ठोकळा ठेवला
अंधारात सवयीच्या खुंटीला किल्ली अडकवावी तसा.
ते ठोकळ्याकडे बघतच नव्हते,
जमिनीवरच्या त्याच्या सावलीकडे बघत होते.
चूक: दोन मिलिमीटर. मी पुन्हा मोजली.

दुसऱ्या खोलीत म्हणाले,
"हे तेच आहे की, मॅडम. नुसतं अंधारलंय."

मी वायर काढून घातली. पडदा बंद करून चालू केला.
मग त्यांनी चष्मा उतरवला
आणि डाव्या बुबुळावर नखानं वाजवलं.
टक्.
"बर उडाला. नऊ वर्षं झाली.
तुमच्या फॉर्ममध्ये नंबर किती विचारलंय.
डोळे किती, ते कुठंय?"

नियमानं तिथंच आभार मानायचे होते.
पण तिसऱ्या खोलीचं दार त्यांनीच ढकललं.

डबा चढला. आणि त्यांची मान हलू लागली,
तारेवरच्या होल्यासारखी, खालचा दाणा जोखत,
इकडे, तिकडे, जरा पुढे.
"थांबा. मागचा खांब सरकतोय थोडा.
पुढचा जास्त सरकतोय."
मग कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.
ठोकळा हुकाला तसाच झुलत,
घड्याळ चालू, शंभर सेकंद, एकशेचाळीस,
आणि ते पत्रे बघतायत, कैच्या बघतायत,
कुणीही कधी न बांधलेल्या शेडचा एकेक नट.

"घरी चहा ओतताना
किटलीचं नाक कपाच्या काठाला टेकवतो," डब्यातून आवाज आला.
"मान हलवून बघायला गेलो
की मंडळी म्हणतात, लोक बघतायत."

इथं फक्त मी होते. मी स्क्रीनकडे बघितलं.

चूक: एक मिलिमीटर.
वेळ: सगळ्यांत वाईट.

अहवालात एक तळटीप आहे,
'दृष्टीच्या निकषावर एक सहभागी वगळला.'
आलेख त्यामुळे गुळगुळीत आला, मार्गदर्शक खूश झाले.

जाताना मानधनाच्या पाकिटावर त्यांनी सही केली,
आधी पेनाचं टोक कागदाला हलकंच लावून बघून.
जिन्याची शेवटची पायरी पायानं चाचपल्याचा आवाज
वरपर्यंत आला.

मी खिडकीशी गेले. खाली बसथांबा,
छत्री काखेत, ते पीएमपीची वाट बघत.
मी डावा डोळा मिटला.
काहीच बदललं नाही. रस्ता तेवढाच दूर, टेकडी तेवढीच.
मग, खोलीत कुणी नाही असं बघून,
मान हलवली.

खिडकीचा गज सरकला.
टेकडी जागची हलली नाही.