इन्ता गरीब?

शेंदीच्या पुढे पस्तीस किलोमीटरवर
सिर अल-खतिमची गाडी खोकली आणि बसली.
बॉनेट उघडून तो म्हणाला, "खरबाना."
कुणी उलगडून सांगायची गरज पडली नाही.
कोस्तीजवळच्या साखर कारखान्यात
दोन महिने टर्बाइन बसवत होतो,
अरबीचे चार शब्द धड येत नव्हते,
हा एक मात्र आईच्या पोटातूनच शिकून आलो होतो.

फॅनबेल्ट तुटलेला.
मी फिटर, तीस वर्षं. हात पुढे केला.
काढ तुझं पागोटं, खुणेनं सांगितलं.
पाच वार पांढरं कापड, ईदसाठी कालच धुतलेलं.
त्यानं एकदा पागोट्याकडे बघितलं,
एकदा माझ्याकडे,
आणि अर्धं फाडलं.
पीळ दिला, गाठ मारली, माझी खास गाठ.
सात किलोमीटर चाललं.
मग विसरलेल्या इस्त्रीसारखा वास सुटला
आणि गाठीसकट माझी अब्रू वाळूत पडली.

पाण्याची बाटली एकच.
इंजिनाला की आपल्याला, यावर भांडलो,
तो त्याच्या भाषेत, मी माझ्या.
एक शब्द चुकला नाही दोघांचा.
शेवटी इंजिन प्यालं, आणि तरी उठलं नाही.
समोर तळं दिसत होतं, त्यात उलटी झाडं.
ते नाहीच, हे मला पक्कं ठाऊक होतं.
तरी बघतो तर
मी पँट घोट्याच्या वर दुमडलेली.

दिवस कलता अवदियाचं छप्पर लागलं.
चार मेढी, एक चटई, शेगडी,
बोटाएवढे काचेचे पेले, सुंठ घातलेली कॉफी.
ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली
आणि म्हणाली, "इन्ता गरीब?"

लागलं.
शर्टाला ग्रीस होतं, कबूल. चपलेचा अंगठा तुटलेला.
पण स्वतःच्या दोन खोल्या आहेत, फंड आहे,
धाकटी नर्सिंगला आहे,
हे कुठल्या भाषेत सांगायचं?
खिशातल्या नोटा काढून तिच्यापुढे धरल्या.
तिनं तोंड फिरवलं.
सिर अल-खतिम हसता हसता स्टुलावरून घसरला.

कोपऱ्यात एक ट्रकवाला,
दुबईत सहा वर्षं राहून मोडकी हिंदी आणलेला.
तो म्हणाला, अरे बाबा, गरीब म्हणजे परका.
लांबून आलेला. ती एवढंच विचारते.

नोटा परत घातल्या खिशात. होय म्हणालो.
कॉफीचे पैसे तिनं घेतले नाहीत,
परक्याकडून घेत नाहीत म्हणे.

रात्री सुंभाच्या बाजेवर, अंगरेब म्हणतात तिला,
डोळ्याला डोळा लागेना.
चांदण्या इतक्या खाली की कूस बदलायची चोरी.
हा शब्द आमच्याकडे कधी आला असेल?
गलबतातून, की कुणाच्या घोड्याच्या मागून पायी?
निघाला तेव्हा नुसता परका होता.
मग दारोदारी त्याला
कुणी बसा म्हणालं नसणार.

सकाळी ट्रकच्या टपावरून पिरॅमिड दिसले.
अंगाला चणीचे, ओळीनं उभे,
आणि बहुतेकांना डोकी नाहीत.
सोन्यासाठी कुणी गरीबानं उडवली होती,
दीड-दोनशे वर्षं होऊन गेली.
राखणदार वही घेऊन आला.
"तारीख," तो म्हणाला.
मी आजची तारीख लिहिली.
त्यानं मान हलवली, हनुवटीनं
त्या मुंडक्याविना रांगेकडे दाखवलं, परत म्हणाला,
"तारीख."
मग मी पेन बंद केलं
आणि जरा वेळ बघत उभा राहिलो.

परतीला शेंदीच्या बाजारात
एक फॅनबेल्ट घेतला, आणि पाच वार पांढरं कापड.
दुकानदारानं कोपरापासून बोटापर्यंत मोजलं,
वर एक हात जास्तीचा दिला.
सिर अल-खतिमनं तिथेच, आरशाशिवाय, पागोटं बांधलं.
शेवटचं टोक खोचायला मी हात पुढे केला.
त्यानं हळूच बाजूला सारला.
गाठ मला मारू दिली नाही.