आडवा धरल्यावर

मोदी नंबर तीनच्या गल्लीत, कूलरसमोर
चाकोले मीटरवाले फोन ठेवतात काउंटरवर :
"सहापर्यंत रीडिंग द्याचे हायेत भाऊ,
अन् कंप्युटर याले ओळखूनच नाही राह्यला."

मी केबल बदलतो. पहिली नुसती चार्जिंगची.
दुसरीत माहितीचीही तार असते, तरी
पडद्यावर तोच रिकामा फोल्डर.
टाचणीनं पोर्टमधून काढतो
खिशातल्या सुपारीचा चुरा, हंसापुरीची धूळ.
ड्रायव्हर काढतो, पुन्हा घालतो.
टुण् असा आवाज येतो, आणि काहीच नाही.

"नवा घ्या," म्हणणारच असतो,
तेवढ्यात तडकलेल्या काचेखाली दिसतं :
फोन केव्हाचा विचारतोय,
या कंप्युटरला आत येऊ द्यायचं का?
'नाही' शाबूत.
'हो' नेमकं त्या कोपऱ्यात, जिथं बोट लागत नाही
फोन जिन्यावरून पडल्यापासून.

चाकोले सहज फोन आडवा धरतात,
उन्हात मीटर टिपताना धरतात तसा.
'हो' सरकत येतं धड काचेवर.
"आता दाबू काय?"

तीनशे बारा मीटर उतरू लागतात,
आकडे, सील, कोळिष्टकं,
आणि प्रत्येक मीटरच्या काचेत
दुपट्टा गुंडाळलेलं एक डोकं, हात वर केलेला.
"हा कोन व्हय बे?" ते वाकून बघतात,
मग स्वतःच हसतात.

एकशे चाळिसाव्यावर लाइन जाते.